वाटेवरचे देणे

अनोळखी माणसाने केलेली छोटी मदत कुठल्याही खातेवहीत नोंदली जात नाही. तहानलेल्याला तांब्याभर पाणी देणे, एस.टी.त लेकुरवाळीला जागा करून देणे, बंद पडलेल्या गाडीला धक्का मारणे, पत्ता विचारणाऱ्यासोबत गल्लीच्या तोंडापर्यंत चालत जाणे, ही सगळी या प्रकारातली कामे. त्यांना खर्च जवळजवळ नसतो आणि वेळही फार लागत नाही. नात्यागोत्यात, भावकीत किंवा शेजारी मदत झाली की ती कधीतरी फेडायची असते. लग्नात आलेल्या आहेराची यादी घरोघरी जपून ठेवतात ती त्यासाठीच. अनोळखी माणसाच्या मदतीला असा मागचा-पुढचा हिशेब नसतो, कारण देणारा आणि घेणारा पुन्हा भेटण्याची शक्यताच कमी असते. तरीही ती लक्षात राहते. पुष्कळदा नात्यातल्या मोठ्या मदतीपेक्षाही जास्त काळ राहते.

अशी मदत एकाकडून दुसऱ्याकडे कशी जाते, हे पाहायला सोलापूर जिल्ह्यासारखी जागा महाराष्ट्रात दुसरी नाही. दरवर्षी आषाढात पंढरपूरच्या वारीसाठी लाखो अनोळखी माणसे या जिल्ह्यातून पायी जातात. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सातारा जिल्हा ओलांडून धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यात येते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव अशा मुक्कामांनी वाखरीला पोचते. देहूची तुकाराम महाराजांची पालखी सराटीहून नीरा नदी ओलांडून अकलूजला येते आणि बोरगाव, पिराची कुरोली करत तीही वाखरीलाच जाते. शेगावची गजानन महाराजांची पालखी विदर्भ-मराठवाडा पार करून सोलापूर शहरात मुक्काम करते आणि मंगळवेढ्याच्या वाटेने पंढरपूर गाठते. लहानमोठ्या इतर पालख्या आणि दिंड्या वेगळ्याच. हे सगळे रस्ते शेवटी याच जिल्ह्यात येऊन मिळत असल्यामुळे वाटेवरच्या गावांना पाहुणचार ही ऐच्छिक बाब वाटत नाही. तो त्यांच्या वर्षाच्या कामांपैकी एक असतो.

काही हजार वस्तीच्या गावात एका रात्रीपुरती लाखांवर माणसे उतरतात. दिंड्यांचे स्वतःचे ट्रक, राहुट्या आणि स्वयंपाकी असतात, पण सगळ्यांना ते पुरे पडत नाहीत. दिंडीत नाव नसलेले, एकटेदुकटे चालणारे वारकरीही पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी गावात घरटी भाकरी गोळा होते. दुपारपासून चुली पेटतात. काठवटीत ज्वारीचे पीठ मळून बायका भाकरी थापत राहतात. तव्यावरून उतरलेली भाकरी निखाऱ्यावर फुगते आणि धोतराच्या धुवट पानावर चळत चढत जाते. शेजारच्या कढईत पिठले रटरटत असते, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. या भागाचे रोजचे जेवणही हेच, त्यामुळे खास पाहुण्यांसाठी म्हणून काही वेगळे करावे लागत नाही. ही साधी बाब महत्त्वाची आहे. घरात रोज होणाऱ्या गोष्टीतला वाटा काढून देणे गरिबालाही जमते आणि दरवर्षी जमते.

जेवणाखेरीज दुसरे देणे कामाचे असते. दोनशे किलोमीटर चालून आलेल्या चपलेचा अंगठा तुटलेला असतो किंवा तळ सुटलेला. रस्त्याच्या कडेला पोते अंथरून चर्मकार बसलेला असतो. पुढ्यात ऐरण, आरी, रापी, मेणाचा दोरा. वारकरी एका पायावर तोल सावरत उभा राहतो. चार टाके पडतात, टोकाचा दोरा रापीने कापला जातो आणि चप्पल परत मिळते. पैसे पुढे केले तर हात जोडून नाकारले जातात. मग वारकरी वाकतो आणि त्याच क्षणी शिवणाराही वाकतो. दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. नाभिक मंडळी अशाच रीतीने दाढी-हजामत करून देतात, डॉक्टर पायांच्या फोडांना मलमपट्टी करतात, शाळा-कॉलेजची मुले म्हाताऱ्यांचे पाय तेल लावून चेपतात. अलीकडे एखाद्या घराच्या ओट्यावर दहा-बारा मोबाईल एकाच वेळी चार्जिंगला लावता येतील असा लाकडी बोर्डही दिसतो.

देणाऱ्याने घेणाऱ्याच्या पाया पडावे, या रीतीला बाहेरचा माणूस केवळ भक्तिभाव समजतो. तिचा व्यवहारात मोठा उपयोग आहे. फुकट घेणाऱ्याला ओशाळे वाटते आणि ते टाळण्यासाठी माणसे गरज असूनही नको म्हणतात. इथे देणाराच आधी झुकतो, त्यामुळे घेणाऱ्याच्या मनावर उपकाराचे ओझे राहत नाही. तो मोकळेपणाने घेतो आणि पुढे गेल्यावर तितक्याच मोकळेपणाने देतो. वाटेत मिळालेली केळी आपल्या मागून येणाऱ्या म्हातारीच्या हातावर ठेवणारा वारकरी हे वारीतले अगदी नेहमीचे दृश्य आहे.

२०२० आणि २०२१ साली करोनामुळे पायी वारी झाली नाही. पादुका एस.टी. बसने पंढरपूरला गेल्या. खर्च आणि दगदग वाचली म्हणून या गावांना हायसे वाटायला हवे होते. प्रत्यक्षात वाटेवरची गावे त्या दोन वर्षांत सुनी सुनी झाली, कारण त्यांच्या वर्षातला मोठा आनंद देण्यातूनच येत होता.

देण्यातून देणाऱ्याला मिळणारा आनंद आता मानसशास्त्रज्ञांनीही तपासला आहे. कॅनडातील एलिझाबेथ डन, लारा अकनिन आणि अमेरिकेतील मायकेल नॉर्टन यांनी २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. सकाळी काही लोकांना पाकिटातून ५ किंवा २० डॉलर दिले. निम्म्यांनी ते संध्याकाळपर्यंत स्वतःवर खर्च करायचे होते, निम्म्यांनी दुसऱ्यावर. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च करणारे अधिक आनंदी आढळले. रक्कम ५ होती की २०, याने फरक पडला नाही. प्रयोगाबाहेरच्या लोकांना अंदाज विचारला तेव्हा त्यांनी नेमके उलट सांगितले: स्वतःवर खर्च करणारे जास्त खूश असतील आणि २० डॉलर मिळालेले त्याहून खूश.

घेणाऱ्याच्या बाजूचा अंदाजही असाच चुकतो. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी शिकागोतील बर्फावरच्या स्केटिंगच्या मैदानावर थंडीच्या दिवसांत एक प्रयोग केला. आलेल्या माणसाला गरम चॉकलेटचा पेला देऊन तो अनोळखी माणसाला देण्याची मुभा ठेवली. देणाऱ्यांना आपली कृती किरकोळ वाटली. घेणाऱ्यांना ती त्यांच्या अंदाजापेक्षा बरीच मोठी वाटली. कारण उघड आहे. देणारा पेल्याची किंमत पाहतो, आणि घेणाऱ्याला त्या पेल्यापेक्षाही कोणीतरी आपला विचार केला याचे अप्रूप असते. याच संशोधकांच्या दुसऱ्या प्रयोगात काहींना छोटी वस्तू अनोळखी माणसाच्या सद्भावनेतून मिळाली, तर काहींना तीच वस्तू संशोधकांकडून. नंतर दोन्ही गटांना १०० डॉलर स्वतःत आणि तिसऱ्याच अनोळखी माणसात वाटायला सांगितले. सद्भावनेने वस्तू मिळालेल्यांनी सरासरी ४८ डॉलर दिले, इतरांनी ४१. वस्तू तीच असूनही हात सैल झाला तो ती मिळाली त्या रीतीमुळे.

हा सैल हात किती लांबवर जातो, याचे उत्तर जेम्स फाउलर आणि निकोलस ख्रिस्टाकिस यांच्या २०१० सालच्या अभ्यासात मिळते. त्यांनी तपासलेल्या खेळात माणसे छोट्या गटांत सामाईक निधीला पैसे देत आणि प्रत्येक फेरीला नव्या अनोळखी गटात जात. एकाने उदारपणा दाखवला की त्याच्या गटातली माणसे पुढच्या गटात अधिक उदार वागत, आणि त्यांच्याकडे पाहून त्यापुढची. हा परिणाम तीन टप्प्यांपर्यंत दिसला. पहिल्या फेरीत दिलेला प्रत्येक जादा पैसा खेळ संपेपर्यंत तिप्पट झाला. सावधगिरीची एक गोष्ट याच अभ्यासात आहे: स्वार्थही याच रीतीने पसरतो. एखाद्या बसथांब्यावर पहिल्या दोघांनी रांग मोडली की पुढचे काय करतात, हे कोणालाही ठाऊक आहे.

प्रयोगातला परिणाम काही फेऱ्यांपुरताच तपासला जातो. सोलापूरच्या वाटांवर तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला, कारण इथे त्याला ठरलेला दिवस, ठरलेली जागा आणि ठरलेले काम मिळाले. दया मनात उपजेल तेव्हा करू, असे म्हटले तर बहुतेकांचा दिवस तसाच निघून जातो. पालखी अमुक तिथीला येणार आणि आपल्या आळीने भाकरी द्यायची, एवढे ठरलेले असले की मनाची तयारी वेगळी करावी लागत नाही.

या ठरलेपणाला इथे फार जुना इतिहास आहे. बाराव्या शतकात सोलापूरचे ग्रामदैवत झालेल्या शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून तलाव खोदवला. तळ्याचे पाणी कोण पिणार, हे खोदणाऱ्याला माहीत नसते. पुढे पंधराव्या शतकात बहामनी राजवटीत मंगळवेढ्याचे अधिकारी असलेल्या दामाजीपंतांनी भीषण दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे भुकेल्यांसाठी उघडली, अशी कथा परंपरेने जपली आहे. मंगळवेढ्याचा काळ्या जमिनीचा पट्टा आजही ज्वारीचे कोठार म्हणून ओळखला जातो. धान्य जमिनीखालच्या पेवांत साठवण्याची पद्धत होती आणि दुष्काळात पेव उघडणे म्हणजे पुढच्या वर्षाची शाश्वती सोडणे. परंपरेच्या कथेत विठ्ठल महाराचे रूप घेऊन राजधानी बिदरला धान्याचा मोबदला भरतो. अनोळखी लोकांसाठी गुन्हा पत्करणाऱ्या अधिकाऱ्याला वाचवायला देवाने गावाबाहेर ठेवलेल्या माणसाचे रूप घ्यावे, ही लोकांच्या मनाने केलेली निवड विचार करण्याजोगी आहे.

कारण प्रत्यक्षात त्याच माणसाला पंढरपुरात देवळाबाहेर उभे राहावे लागत होते. वाटेवर पाणी देणारा समाज पाण्याचा स्पर्शही मोजत होता, आणि अनोळखी माणसाची जात कळेपर्यंतच त्याला माया मिळत होती. या जिल्ह्यातल्या चांगुलपणाचे वर्णन करताना हे झाकता येत नाही. गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभारली ती ज्यांना इतरत्र पथारी टाकायला जागा नव्हती त्यांच्यासाठी. पुढे १९४९ साली त्यांनी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हाती सोपवली. विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले आणि त्यानंतर दार उघडले. चांगुलपणा आपोआप पसरतो हे खरे. पण त्याच्या वाटेत समाजाने घातलेल्या भिंती कोणाला तरी मुद्दाम पाडाव्या लागतात, हेही तितकेच खरे.

पंढरपुरातली आणखी एक भिंत अशीच पडली. केशवपन केलेल्या, घरच्यांनी टाकलेल्या विधवा तीर्थक्षेत्री येत. त्यांच्यापैकी कोणी गर्भवती राहिली तर जन्मलेल्या जिवाला जगू देण्याची सोय नसे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. पंढरपुरात न्यायाधीश म्हणून आलेल्या लालशंकर उमियाशंकर या गुजराती गृहस्थांनी १८७५ साली तसेच गृह सुरू केले. त्यांना ना हे गाव आपले होते, ना ती मुले. प्रार्थना समाजाने ते काम पुढे चालवले आणि ते आज नवरंगे बालकाश्रम या नावाने ओळखले जाते. न्यायाधीशाची बदली होते, तो निघून जातो. मुलांच्या जेवणाची वेळ मात्र रोज येते, आणि ती सांभाळणारी संस्था राहिली म्हणूनच लालशंकरांचे काम टिकले. अक्कलकोटलाही हेच घडले. श्री स्वामी समर्थ अन्नछत्र मंडळ १९८८ साली सुरू झाले आणि तेव्हापासून तिथे येणाऱ्या कोणालाही नाव-गाव न विचारता पंगतीला बसता येते.

सोलापूरने आपला माणूसही असाच परक्यांना दिला. १० ऑक्टोबर १९१० रोजी या शहरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून युद्धग्रस्त चीनला गेले. बाकीचे परतले, ते राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच वारले. एवढा त्याग सगळ्यांकडून अपेक्षित नाही. मात्र त्यांच्या दिवसाचा मोठा भाग जखमा धुण्यात, टाके घालण्यात, पट्ट्या बदलण्यात जात असणार. चिनी माणसांनी ते इतकी वर्षे लक्षात ठेवले आहे, आणि चीनचे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबीयांना आवर्जून भेटत आले आहेत.

याच जिल्ह्यातले दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. त्यांनी त्याच वेळी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकण्याची घोषणा केली. इटली, ब्राझील, व्हिएतनाम, मलेशिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, दक्षिण कोरिया, अमेरिका आणि ब्रिटन येथील त्या शिक्षकांच्या वाट्याला प्रत्येकी सुमारे ५५ हजार डॉलर आले. ही रक्कम लहान म्हणता येणार नाही, पण वृत्ती पंगतीतलीच. स्पर्धेत हरलेल्यांना जिंकलेल्याने वाटेकरी करून घेतले. तोपर्यंत त्या पुरस्काराच्या इतिहासात असे कोणी केले नव्हते.

माया सणांनाही एकमेकांसाठी जागा करून देते. २९ जून २०२३ रोजी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली, तेव्हा पंढरपूरच्या मुस्लीम समाजाने त्या दिवशी कुर्बानी न करण्याचे ठरवले. निर्णय कोणी लादलेला नव्हता. उपवासाच्या दिवशी गावात आलेल्या अनोळखी यात्रेकरूंचे मन त्यांनी सांभाळले.

देणारा आणि घेणारा एकमेकांना कधीच दिसणार नाहीत, असे देणे म्हणजे रक्तदान. सोलापुरात गणेशोत्सव, शिवजयंती, आंबेडकर जयंती अशा निमित्तांनी मंडळांची शिबिरे होतात. एका वेळी ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतात. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा देता येते. एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा वेगळे केले की तीन रुग्णांना उपयोग होतो. प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात, तांबड्या पेशी पाच-सहा आठवडे. त्यामुळे जयंतीच्या दिवशी शेकडो पिशव्या आणि मे महिन्यात कॉलेजे बंद असताना ओस पडलेली रक्तपेढी, ही व्यवस्था थॅलेसेमियाच्या मुलाला परवडत नाही. त्याला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागते, सण असो वा नसो. पूर्वी पैसे घेऊन रक्त विकणारे असत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून ते बंद झाले, आणि तेव्हापासून देशातल्या रुग्णांची भिस्त नातेवाइकांवर आणि अनोळखी दात्यांवर आहे. वारीतले ठरलेपण रक्तदानात आणायचे तर मंडळांनी वर्षाचे एक मोठे शिबिर घेण्याऐवजी उन्हाळ्यातल्या तारखा आपसांत वाटून घ्यायला हव्यात.

मदत जिथे सगळ्यात जास्त लागते आणि सगळ्यात जास्त अडते, ती जागा म्हणजे हमरस्ता. पुणे-हैदराबाद महामार्ग सोलापुरातून जातो आणि विजयपूरकडे जाणारा महामार्ग त्याला इथेच छेदतो. अपघात झाला की गर्दी जमते, हात मात्र कमी पुढे येतात. घाई हे एक कारण. अमेरिकेतील प्रिन्स्टन इथे डार्ली आणि बॅट्सन यांनी १९७३ साली धर्मशिक्षणाच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. वाटेत एक माणूस कण्हत पडला होता. वेळ हाताशी असलेल्यांपैकी ६३ टक्के विद्यार्थी थांबले, उशीर झालाय असे सांगितलेल्यांपैकी फक्त १० टक्के. काहीजण तर परोपकाराच्याच गोष्टीवर भाषण द्यायला निघाले होते. म्हणजे माणूस वाईट असतो म्हणून पुढे जातो असे नाही, पुष्कळदा तो घड्याळाकडे पाहत असतो.

आपल्याकडचे दुसरे कारण म्हणजे पोलीस ठाणे आणि कोर्टाच्या चकरांची भीती. तिच्यावर उपाय झाला आहे, पण तो पुरेसा माहीत नाही. सेव्ह लाइफ फाउंडेशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आले. त्यानुसार सद्भावनेने जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. त्याला आपले नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. रुग्णालयाला त्याला थांबवून ठेवता येत नाही की त्याच्याकडून पैसे मागता येत नाहीत. साक्षीदार व्हायचे की नाही, हे त्याने ठरवायचे. गंभीर जखमीला पहिल्या तासात उपचार मिळवून देणाऱ्याला केंद्र सरकार बक्षीसही देते. २०२१ साली ते ५ हजार रुपये होते, पुढे २५ हजार करण्यात आले. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मोफत मिळते. दूरध्वनीवर जागा नेमकी सांगणे, जखमीला उगाच न हलवणे, वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड दाबून धरणे, रुग्णवाहिका येईपर्यंत त्याच्याशी बोलत राहणे आणि मागून येणाऱ्या गाड्यांना हात दाखवून थोपवणे, एवढे कोणालाही करता येते.